दाताचं इम्प्लांट करायचंय? आधी हाड बघा, मग रेट विचारा

माझी खालची उजवी दाढ, डॉक्टरांच्या भाषेत ४६ नंबर, रूट कॅनॉल करूनही तडकली आणि काढावी लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते तीन-एक महिन्यांनी या, इम्प्लांटचं बघू. मी गेलो चार वर्षांनी. डाव्या बाजूने चावता येतंय की, कशाला उगीच पैसे घाला, असा आपला हिशोब. तेवढ्यात वरची दाढ समोर अडवायला कुणी नाही म्हणून खाली उतरायला लागली, मागची पुढे कलली, आणि ज्या हाडात स्क्रू बसवायचा ते हाडच झिजून बारीक झालं. साधं काम होतं त्यात हाड भरायचा खर्च वाढला आणि महिने वाढले ते वेगळेच. तर तुमचा दात नुकताच काढला असेल किंवा काढायचा असेल तर हे आत्ताच वाचून घ्या. मी नाशिकच्या सिडकोत राहणारा पेशंट आहे, डॉक्टर नाही, पण माझं एक आणि आईच्या कवळीची दोन अशी तीन इम्प्लांट जवळून बघितलीत.

आधी हे असतं काय ते सांगतो. इम्प्लांट म्हणजे दिसणारा दात नव्हे बरं का, ते दाताचं नकली मूळ, टायटॅनियमचा स्क्रू. साधारण साडेतीन ते पाच मिमी जाड आणि आठ ते तेरा मिमी लांब, फ्रेम लावायला भिंतीत जो प्लास्टिकचा प्लग ठोकतात त्याच्याहूनही लहान. हा हाडात जातो, त्याच्यावर अबटमेंट नावाचा जोड बसतो आणि त्या जोडावर कॅप, जी आपण दात म्हणून मिरवतो. यातली गंमत अशी की हाड टायटॅनियमला परकं समजत नाही, थेट चिकटून बसतं. स्वीडनचे ब्रोनेमार्क म्हणून संशोधक होते, ते १९५२ साली सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते, त्यासाठी हाडात बसवलेलं टायटॅनियमचं यंत्र नंतर काढायला गेले तर ते निघेचना. त्यावरून पुढे १९६५ साली त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. हे सांगायचं कारण म्हणजे हे चिकटणं हाड स्वतःच्या वेगाने करतं, खालच्या जबड्यात अंदाजे तीन महिने आणि वरच्यात चार ते सहा, कारण वरचं हाड भुसभुशीत. त्यामुळे 'तीन दिवसात पक्के दात' अशी जाहिरात दिसली की आधी विचारा की तुम्ही नेमकं कुठलं इम्प्लांट बसवताय, लगेच दात बसवायच्या पद्धती आहेत, काही केसमध्ये चालतातही, पण सगळ्यांना नाही, आणि ते ठरवतं हाड. बॅनर ठरवत नाही.

इम्प्लांटच करायला पाहिजे असंही नाही हां. ब्रिज नावाचा प्रकार आहे, बाजूचे दोन दात घासून त्यांच्या आधाराने मधला दात टांगतात, पंधरा दिवसात काम संपतं आणि स्वस्तातही पडतं. बाजूच्या दातांवर आधीच रूट कॅनॉल आणि कॅप असेल तर ब्रिज वाईट नाही. पण बाजूचे दात धडधाकट असतील तर एका दातासाठी दोन चांगले दात घासायचे हे माझ्या मनाला पटलं नाही, शिवाय ब्रिजच्या खालचं हाड झिजत राहतं ते राहतंच. आणि तिसरी काढा-घाला कवळी.

आता कामाचं. पहिली पायरी म्हणजे सीबीसीटी, जबड्याचा थ्रीडी स्कॅन. ओपीजी काढला की झालं असं सांगणारे भेटतील, पण ओपीजी हा अख्ख्या जबड्याचा सपाट एक्सरे असतो, हाडाची उंची कळते, जाडी कळत नाही. सीबीसीटीत हाडाचा पावाच्या स्लाइससारखा एकेक काप बघता येतो. माझ्या स्कॅनमध्ये हाड वरच्या टोकाला जेमतेम साडेचार मिमी निघालं. दाढेसाठी स्क्रू साडेचारचा आणि त्याच्या दोन्ही अंगाला किमान एक-दीड मिमी हाड पाहिजे, म्हणजे सात मिमी तरी हवं होतं, गणित साफ चुकलेलं. दात काढला की हाड पहिल्या वर्षातच सगळ्यात जास्त आटतं आणि तेही गालाच्या बाजूने, हे मला डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं तेव्हा चार वर्षांचा आळस एका फोटोत दिसला. खालच्या जबड्यात त्याच स्कॅनमध्ये नसही बघतात, ओठाला संवेदना देणारी नस तिथून जाते आणि स्क्रूचं टोक तिच्यापासून निदान दोन मिमी लांब ठेवतात. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते, तिथे हाड कमी असेल तर सायनस लिफ्ट म्हणून वेगळं काम निघतं. मला कॉलेज रोडच्या एका क्लिनिकने फोनवरच 'सगळं मिळून अमुक हजार' असं पॅकेज सांगितलं होतं, तोंड न बघता, स्कॅन न बघता. हाड माहीत नसताना हे आकडे काढतात कशावरून, देव जाणे.

स्कॅनची सीडी किंवा फाइल स्वतःकडे ठेवा, रिपोर्टचा कागद नुसता नको. सेकंड ओपिनियन घ्यायचं तर तीच फाइल दाखवता येते, परत पैसे आणि परत रेडिएशन कशाला.

दुसरं म्हणजे तुमची तब्येत, आणि इथे लाजायचं नाही. डायबेटिस असेल तर तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c नावाची रक्ततपासणी) मागतात, सात टक्क्यांच्या आसपास असेल तर डॉक्टर खूश, आठच्या वर गेली की बहुतेक जण आधी शुगर आणा मग या म्हणतात. बिडी, सिगारेट, तंबाखू, मशेरी, सगळं खरं सांगा. आमच्या कंपनीतला एक जण, अंबड एमआयडीसीतला, त्याने तंबाखूचं लपवलं आणि ऑपरेशनच्या आठव्या दिवशी त्याच गालात चिमूट धरली, पुढे स्क्रू हलायला लागला आणि काढावा लागला, आता डॉक्टरांना शिव्या देत फिरतो. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल, अ‍ॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड असली नावं, तर ते आवर्जून सांगा, कारण त्या औषधांनी जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो. घरातल्या बायका ही औषधं 'कॅल्शियमचं आहे काहीतरी' म्हणून सांगतच नाहीत, म्हणून आईची, सासूबाईंची गोळ्यांची पूर्ण पिशवीच घेऊन जा. रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते. आणि अठराच्या आतल्या पोरांचा जबडा वाढत असतो, त्यांना थांबायला सांगतात.

डॉक्टर कसा निवडायचा हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि मी नाव सांगणार नाही. पण काय विचारायचं ते सांगतो. बीडीएस डॉक्टरही कोर्स करून इम्प्लांट करतात, एमडीएस असतील तर प्रॉस्थो (कृत्रिम दात), पेरिओ (हिरड्या) किंवा ओरल सर्जरी या तीन शाखांचे लोक यात जास्त दिसतात. आपल्याकडे बऱ्याच छोट्या क्लिनिकमध्ये इम्प्लांटवाले डॉक्टर व्हिजिटवर येतात, महिन्यातून दोनदा वगैरे, त्यात गैर काहीच नाही पण विचारायचं: स्क्रू कोण बसवणार, कॅप कोण बसवणार, आणि रात्री दहा वाजता सूज आली तर फोन कोण उचलणार? ज्यांनी मला या तिसऱ्या प्रश्नावर स्वतःचा नंबर लिहून दिला त्यांच्याकडे मी केलं. खर्च आवाक्याबाहेर वाटत असेल तर पंचवटीत मुंबई-आग्रा रोडला महात्मा गांधी विद्यामंदिरचं केबीएच डेंटल कॉलेज आहे, तिथे चौकशी करा. डेंटल कॉलेजात एमडीएस करणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या हाताखाली काम करतात, खासगीपेक्षा सहसा कमी लागतं पण चकरा जास्त, नोकरदाराला सुट्ट्यांचं गणित बसवावं लागेल.

पैशाचं बोलू. मला एका दाताचे आकडे २२ हजारांपासून ५५ हजारांपर्यंत ऐकायला मिळाले आणि गंमत म्हणजे दोन्ही टोकं गंगापूर रोडलाच. फरक कशात पडतो तर स्क्रूच्या कंपनीत (स्वित्झर्लंडचं स्ट्रॉमन महागात, कोरियाचं ऑस्टेम किंवा इस्रायलची आल्फा-बायो, एमआयएस त्याखाली, भारतीयही आहेत), कॅप झिर्कोनियाची का मेटल-सिरॅमिकची यात, आणि कोटेशनमध्ये काय धरलंय नि काय नाही यात. ही शेवटचीच खरी गोम आहे. २२ हजारवाल्याचं नीट विचारलं तर ते नुसत्या स्क्रूचे निघाले, अबटमेंट वेगळं, कॅप वेगळी, हाडाची पावडर वेगळी, सगळं धरून चाळीसच्या पुढे. म्हणून कागदावर लिहून घ्या: स्कॅन, स्क्रू, अबटमेंट, तात्पुरता दात, कॅप, हाड भरणं लागलं तर किती, आणि स्क्रू पकडला नाही तर परत बसवायचे पैसे घेणार का. मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका, अपघातात दात गेला असेल तर वेगळं, नाहीतर साध्या पॉलिसीत दाताचं सहसा बसत नाही. ईएमआय बहुतेक ठिकाणी देतात.

हाडाच्या पावडरबद्दल एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून थांबून सांगतो. हाड कमी असेल तर तिथे पावडर भरतात आणि वरून पातळ पडदा घालतात. यातल्या बऱ्याच पावडरी गाई-बैलांच्या हाडांवर प्रक्रिया करून बनवलेल्या असतात, पडदेही जनावरांच्या कोलॅजनचे असतात. वैद्यकीय दृष्ट्या चांगल्या आहेत, जगभर वापरतात. पण माझी आई माळकरी आहे, तिला नंतर कळलं असतं तर तिने तोंडात पाणी घेतलं नसतं. सिंथेटिक पावडर मिळते, स्वतःच्या जबड्याचं थोडं हाड खरवडूनही घेता येतं. घरात कुणाला हे चालणार नसेल तर आधी बोला, डॉक्टर समजून घेतात, फक्त त्यांना विचारायचं सुचत नाही.

माझं हाड आधी भरलं, पाच महिने थांबलो आणि मग स्क्रूची तारीख. सकाळी पोटभर खाऊन जा, उपाशी नाही, कारण भूल फक्त जागेपुरती असते आणि नंतर दोन-तीन तास नीट खाता येत नाही. इंजेक्शनचं टोचणं सोडलं तर दुखत नाही, खरंच. जाणवतो तो कंप. ड्रिल चालू झालं की हनुवटीपासून कानापर्यंत घरघर जाते, शेजारच्या फ्लॅटमध्ये फरशी कापताना आपली भिंत थरथरते तसं, आणि सोबत थंड सलाइनची धार चालू, ती घशात उतरते आणि बाई सक्शनची नळी घेऊन तिच्या मागे. हे पाणी मुद्दाम असतं, हाड ४७ डिग्रीला मिनिटभर जरी तापलं तरी तिथल्या पेशी मरतात आणि मग स्क्रू धरत नाही. ड्रिल एकदम जाड लावत नाहीत, बारीक, मग त्याहून जाड, असं पायरीपायरीने. शेवटी स्क्रू हाताच्या पान्याने फिरवतात, त्या पान्यावर किती घट्ट बसला ते दाखवणारे आकडे असतात, माझा ३५ वर गेला तेव्हा टक असा आवाज आला आणि डॉक्टर मास्कमधूनच म्हणाले, मस्त. तो टक मला अजून आठवतो. टाके घालून चाळीस मिनिटांत बाहेर.

पहिले दोन दिवस बर्फ, दहा मिनिटं लावा, दहा मिनिटं काढा, उशा दोन घ्या. सूज तिसऱ्या दिवशीपर्यंत वाढते मग उतरते, तेव्हा दुसऱ्या दिवशी आरशात बघून घाबरू नका. पहिल्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ जोरात भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, गुठळी निघून येते. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याने हळूच, आणि दिलेलं माउथवॉश. खायला गार-कोमट: मऊ भात आणि ताक, मुगाची खिचडी, शिरा, नाचणीची आंबील, केळं. मी पाचव्या दिवशी, रविवार होता, मित्रांबरोबर मिसळ खायला गेलो. म्हटलं डाव्या बाजूने खाऊ. तर्री डावीकडे थांबते का? टाक्यावर अशी लागली की डोळ्यातून पाणी, वर फरसाणचा एक तुकडा टाक्यात अडकला, सोमवारी तो काढायला क्लिनिकमध्ये जावं लागलं आणि तिथल्या सिस्टरने जे बघितलंय माझ्याकडे. टाके सात ते दहा दिवसांनी निघतात, तोवर मिसळ, चिवडा, पापड, मक्याचं कणीस बंद म्हणजे बंद.

काळजी कधी करायची: भूल उतरल्यावरही ओठ किंवा हनुवटी बधिर राहिली तर त्याच दिवशी फोन, उद्या बघू म्हणायचं नाही. तीन दिवसांनंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढली, ताप आला, पू आला, किंवा रक्त थांबेना, तर लगेच.

मग सुरू होतं ते थांबणं. दिसत काही नाही, दुखत काही नाही आणि बायको रोज विचारते दात कुठंय. हे महिने सोडून देऊ नका, बाकीचे दात साफ करून घ्या, हिरड्यांतून रक्त येत असेल तर ते आधी निपटा. माझ्या बाबतीत साडेतीन महिन्यांनी हिरडी जराशी उघडून छोटं बटण बसवलं, पंधरा दिवसांनी हिरडी त्याच्याभोवती गोल बसली, मग माप. माप आता बऱ्याच ठिकाणी कॅमेऱ्याने स्कॅन करून घेतात, काही ठिकाणी अजून ट्रेमधला मसाला तोंडात धरायला लावतात, दोन्ही चालतं. कॅप सिमेंटने चिकटवणार का स्क्रूने कसणार ते विचारा. स्क्रूवाली असेल तर पुढे काही झालं की उघडता येते. सिमेंटवालीत जादा सिमेंट हिरडीखाली राहिलं तर तिथे सूज धरते आणि हळूहळू हाड जातं, म्हणून बसवल्यावर एक्सरे काढायला सांगा. कॅप बसल्यावर तिथे दाबाची जाणीव कमीच असते, कारण खऱ्या दाताच्या मुळाभोवती जी मऊ गादी असते ती इथे नाही. म्हणून चावताना उंच लागतेय का ते निळा कागद लावून नीट बघून घ्या, 'होईल सवय' म्हणून उठून येऊ नका.

आईचं वेगळं. तिचे खालचे सगळे दात गेलेले, कवळी होती पण बोलताना उडायची, ती कवळी डबीत ठेवून भाकरी दुधात कुस्करून खायची. सगळे दात इम्प्लांटवर करायचं म्हणजे लाखांत जातं, पण डॉक्टरांनी दोनच इम्प्लांट खालच्या जबड्यात पुढे बसवले आणि कवळीला आतून बटणं लावली, ब्लाउजच्या टिचबटणासारखी. कवळी टक करून बसते, रात्री काढून धुता येते. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस खालच्या कवळीला कंटाळलंय त्यांनी हे नक्की विचारा, कारण बऱ्याच जणांना हा मधला मार्ग माहीतच नसतो. २००२ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले होते, त्यांनीही पूर्ण दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी किमान एवढं द्यावं असंच म्हटलंय. बटणातल्या प्लास्टिकच्या चकत्या झिजतात, त्या अधूनमधून बदलायला लागतात, एवढाच काय तो मेंटेनन्स.

इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं, पण त्याच्याभोवतीच्या हिरडीला आजार होतो, आणि दुखत नसल्यामुळे उशिरा कळतो. नुसत्या ब्रशने भागत नाही. दोन दातांमध्ये घालायचा छोटा ब्रश मेडिकलमध्ये मिळतो, कुठल्या साइजचा लागेल ते डॉक्टरांकडून तोंडात घालूनच ठरवून घ्या, मी अंदाजाने घेतलेली दोन पाकिटं तशीच पडून आहेत. सहा महिन्यांनी तपासणी.

आणि स्टिकर. स्क्रूच्या डबीवर कंपनी, साइज आणि लॉट नंबरचा स्टिकर असतो, तो तुमच्या कार्डावर चिकटवून मागा आणि घरच्या कागदपत्रांत ठेवा, मोबाइलमध्ये फोटोही काढा. प्रत्येक कंपनीचा स्क्रू आणि त्याचा ड्रायव्हर वेगळा असतो, उद्या डॉक्टर बदलले, तुम्ही पुण्याला गेलात, तर नव्या डॉक्टरला तो आकडा नसेल तर अंदाज बांधत बसावं लागतं. माझी कॅप गेल्या दिवाळीत, फराळाचं खाताना, जराशी गोल फिरल्यासारखी वाटली. स्क्रू सैल झाला होता, आतला छोटा, हाडातला नाही. दोन मिनिटांत कसून दिला, कारण ड्रायव्हर कुठला ते कार्डावर होतं. तसं वाटलं तर त्या बाजूने चावणं बंद करा आणि दोन-तीन दिवसांत जाऊन या. कॅप पूर्ण हातात आली तर धुवून डबीत ठेवा आणि तीच डबी घेऊन जा. फेविक्विक लावायचं नाही, आमच्या बिल्डिंगमधल्या काकांनी लावलं होतं.